खानापूरच्या जंगलातल्या गावासाठी निवेदन घेऊन फिरायचंय? सुरुवात अशी करा

पाऊस लागला की कर्नाटकातल्या बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर भागातले व्हिडिओ फिरायला लागतात, पेशंटला झोळीत घालून चिखलातनं नेतायत, नाल्यावरचा लाकडी साकव (छोटा पूल) हलतोय, आणि मग बेळगावातली कॉलेजची पोरं-पोरी विचारतात की आम्हाला पण काहीतरी करायचंय, कुणाला भेटू, काय लिहू. म्हणून जेवढं माहीत आहे तेवढं इथं लिहून ठेवते.

सगळ्यात आधी डीसी (जिल्हाधिकारी) ऑफिसला जाऊ नका, गावात जा. आमगाव, गवाळी, कोंगळा, कृष्णापूर, ही भीमगड अभयारण्याच्या भागातली गावं, आणि प्रत्येकाची अडचण वेगळी आहे. कुणाला रस्ता पाहिजे, कुणाला फक्त एका नाल्यावर पक्का साकव झाला तरी पुरे, कुणी म्हणतं पावसाळ्यात नर्सबाई जवळच्या गावात मुक्कामाला राहिली तरी आमचं भागेल. आपण बेळगावात बसून "रस्ता द्या" लिहिलं आणि गावाला पाहिजे होता साकव, तर त्या कागदाचा काय उपयोग. मी गेले होते तिथं एका घराच्या पडवीत आढ्याला लांब बांबू बांधून ठेवलेला दिसला, मधोमध घासून गुळगुळीत केलेला, दोन्ही टोकांना खांद्याला लागू नये म्हणून जुन्या साडीच्या चिंध्या गुंडाळलेल्या. विचारलं तर आजोबा म्हणाले, "जुना गेल्या पावसात कडाडला गे पोरी, म्हणून मे मध्येच नवीन तोडून ठेवलाय, ऐन वेळेला कुठं शोधत बसायचं." म्हणजे कोण आजारी पडणार ते माहीत नाही पण न्यायची तयारी आधीच करून ठेवलेली. पुढं कुठल्याही ऑफिसच्या बाकड्यावर ताटकळत बसले तरी तो बांबू डोळ्यासमोर असायचा आणि उठून जावंसं वाटायचं नाही. हुरूप पाहिजे असेल तर तो असा मिळतो, भाषणं ऐकून नाही.

गावात एक वही ठेवायला सांगा. तारीख, कुणाला काय झालं, घरातनं कधी निघाले, १०८ ची गाडी जिथं थांबते तिथं कधी पोचले, बस्स एवढंच. आशाताई असतील तर त्यांना हे सगळं तोंडपाठ असतं, फक्त लिहिलेलं नसतं. साहेबांच्या टेबलावर "लई हाल होतात" पेक्षा ही वही जड पडते. आणि एक, पेशंटचा चेहरा दिसेल असा व्हिडिओ घरच्यांना विचारल्याशिवाय टाकू नका, निवेदनात पण नाव नको. बाळंतपणाच्या कळा सोसणाऱ्या बाईचा फोटो सगळ्या ग्रुपवर फिरतो तेव्हा तिला काय वाटत असेल याचा विचार आपणच करायचा.

आता निवेदन. एक पान, एक मागणी. कन्नडमध्ये लिहा आणि मागं मराठी जोडा. घटनेचं कलम ३५० आहे, त्यानुसार तक्रारीचं निवेदन राज्यात वापरात असलेल्या कुठल्याही भाषेत देता येतं, तो आपला हक्क आहे आणि तो सोडू नका, पण फाईल पुढं सरकते ती कन्नड टिपणीवर, म्हणून दोन्ही द्यायचं. आपल्या भागात भाषेचा वाद सुरू व्हायला वेळ लागत नाही, आणि तो सुरू झाला की झोळीतला माणूस बाजूला राहतो. कन्नड लिहिणारा मित्र शोधा, भेटतो, आणि मनापासून करून देतो. टपालात दिल्यावर दुसऱ्या कॉपीवर शिक्का आणि इनवर्ड (आवक) नंबर घेतल्याशिवाय हलू नका.

"जंगल आहे, काही करता येत नाही" हे वाक्य सगळीकडे ऐकायला मिळणार. तिथंच बरेच जण गप्प बसून परत येतात. २००६ चा वनहक्क कायदा वाचून जा, कलम ३(२). शाळा, दवाखाना, अंगणवाडी, रस्ता, पाण्याची पाइपलाइन, विजेच्या आणि टेलिफोनच्या लाइनी अशा १३ सोयींसाठी वनजमीन देता येते, अट अशी की प्रत्येक कामाला जमीन एक हेक्टरपेक्षा कमी, हेक्टरी ७५ पेक्षा जास्त झाडं तोडायची नाहीत, आणि ग्रामसभेची शिफारस पाहिजे. या कायद्यात वनजमिनीच्या व्याख्येत अभयारण्य पण येतं. म्हणून ग्रामसभेचा ठराव हाच तुमचा मुख्य कागद. ही सभा पंचायतीची मोठी सभा नव्हे, त्या गावाची, निम्मी माणसं हजर पाहिजेत आणि हजर असलेल्यांत एक तृतीयांश तरी बायका. पीडीओंना (पंचायत विकास अधिकाऱ्यांना) आधीच भेटून तारीख ठरवा. पुढं प्रस्ताव आरएफओकडं (वनक्षेत्रपाल), तिथनं डीसीएफकडं (उपवनसंरक्षक), आणि डीसीएफना पटलं नाही तर डीसींच्या जिल्हा समितीपुढं जातो. तोंडी नाही म्हणाले तर नम्रपणे एवढंच म्हणा, "सर, कुठल्या कलमाखाली होत नाही ते लेखी द्या." फाईल कुठं अडकली कळत नसेल तर आरटीआय टाका, दहा रुपये फी, ३० दिवसांत उत्तर, आणि कर्नाटकात एका अर्जात एकच विषय, साधारण १५० शब्दांत.

खासदारांकडं जाणार असाल तर एक गोष्ट लक्षात ठेवा, खानापूर बेळगाव लोकसभेत नाही, उत्तर कन्नड लोकसभेत येतं. आपल्याकडं कितीतरी निवेदनं बेळगावच्या खासदारांना दिली जातात आणि फोटोपुरती राहतात.

अधिवेशनाचा फायदा घ्या. हिवाळी अधिवेशनात सगळं सरकार बेळगावात हलग्याजवळच्या सुवर्णसौधला, म्हणजे विधिमंडळाच्या इमारतीत येतं, पण तेव्हा तिथं आंदोलकांचे तंबूच तंबू असतात, त्या गर्दीत कागद हातात देऊन काही होत नाही. किमान महिनाभर आधी आमदारांना भेटून सांगा की एवढा एक प्रश्न सभागृहात विचारा, आणि प्रश्न तुम्हीच लिहून न्या, वहीतल्या नोंदी लावून. शेजारच्या तालुक्याचा आमदार तयार असेल तर तोही चालेल.

भेटायला जाताना गावातलं कुणीतरी सोबत पाहिजेच, आणि बोलायचं त्यांनीच. आपण इंग्लिश-कन्नड फाडफाड बोलतो म्हणून माईक आपल्याकडं येतो, तो पुढं द्या. एकदा सोबत आलेल्या मावशी साहेबांना म्हणाल्या, "तुमची लेक असती तर कुठनं न्यायची सांगा", आणि मग साहेबांनी स्वतः नकाशा मागवला. माझ्या एका पानाने ते झालं नसतं.

अभयारण्यातनं बाहेर यायला सरकार पैसे देऊ करतं, त्या स्थलांतराचा विषय निघणारच, "१५ लाख घेऊन बाहेर का येत नाहीत?" यावर तुम्ही उत्तर देऊ नका. काही घरांना खरंच बाहेर यायचंय, काहींना देव, शेत, म्हाताऱ्यांना सोडून यायचं नाही, एकाच घरात दोन मतं असतात. ते ठरवायचा हक्क त्यांचा, आणि ठरेपर्यंत पेशंट दवाखान्यात पोचला पाहिजे एवढंच आपण बोलायचं.

मध्येच दम जातो, सगळ्यांचा जातो. तेव्हा निपाणीला जाऊन जुन्या विडी कामगार मावश्यांशी बोला, तंबाखूच्या वखारीतल्या आणि विड्या वळणाऱ्या बायकांनी ऐंशीच्या दशकात संघटना कशी बांधली ते त्यांच्याच तोंडून ऐका, मालकापुढं पहिल्यांदा तोंड उघडलं तेव्हा पाय कसे लटपटत होते ते पण सांगतात. आणि दोन ऑफिसच्या फेऱ्यांमध्ये एक फेरी गावाची ठेवा, काम झालेलं नसलं तरी. काय झालं, काय नाही, खरं तेच सांगा, आणि पोच घेतलेल्या कागदाची झेरॉक्स गावातच कुणाकडं तरी ठेवा.

वेळेचं गणित पण डोक्यात ठेवा, जून ते सप्टेंबर त्या भागात बांधकाम होतच नाही. म्हणून ग्रामसभेचा ठराव दिवाळीच्या आत, आमदारांची भेट नोव्हेंबरात, अधिवेशन डिसेंबरात, मंजुरीसाठी पाठपुरावा मार्चपर्यंत, म्हणजे साकवाचं काम एप्रिल-मे मध्ये धरता येतं.