डिशची पिन हिरवी पडते कशानं? या चुका टाळा

जोराच्या पावसात डिशचं चित्र गेलं तर त्यात बिघाड काही नाही. डिशचा, म्हणजे केयू बँड या लहरींच्या पट्ट्यातला, सिग्नल जाड सरींत क्षीण होतो आणि सर ओसरली की थोड्या वेळात परत येतो. बिघाड तेव्हा समजावा, जेव्हा आभाळ निवळून दुसरा दिवस उजाडला तरी पडद्यावर 'नो सिग्नल' असतं आणि दोन दिवस कडक ऊन पडल्यावर टीव्ही आपोआप सुरू होतो. घरचे म्हणतात, सुधारला. खरं तर एलएनबीच्या, म्हणजे छत्रीपुढच्या सिग्नल पकडणाऱ्या डबीच्या, वायर जोडायच्या पिनेत शिरलेलं पाणी सुकलेलं असतं, आणि सुकेपर्यंत त्यानं तारेचं थोडं तांबं खाल्लेलं असतं.

अशा वेळी पहिला हात जातो तो छत्रीला. एक जण टिनावर, दुसरा दारात, "आलं काय रे?" "आलं होतं, गेलं ना बाप्पा!" छत्रीचे नट ढिले नसतील आणि वानरांनी तिच्यावर उड्या मारल्या नसतील, तर ती जागची हललेली नसते. तुम्ही ती एखाद-दोन अंश फिरवली की मात्र एका बिघाडाचे दोन होतात. आधी पिन उघडून बघा.

समुद्रावरच्या बोटींत रेडिओच्या अँटेनाची पिन खाऱ्या हवेनं खराब होते. आपल्याकडे मीठ कुठून येणार, असं वाटेल. पण बोटीच्या व्हीएचएफ रेडिओच्या वायरीतून सहसा फक्त सिग्नल जातो. डिशच्या वायरीतून सेट-टॉप बॉक्स एलएनबीला वीजही पुरवतो, १३ किंवा १८ व्होल्ट डीसी. मधली तार धन, बाहेरची जाळी ऋण, आणि दोन्हींच्या मध्ये ओल आली की विद्युतविच्छेदन सुरू होतं. धन बाजूचं तांबं विरघळतं आणि हिरवी भुकटी जमते. मिठाची गरजच पडत नाही. काही बॉक्स रिमोटनं बंद केल्यावरही वायरीत व्होल्टेज ठेवतात, म्हणजे हे काम रात्रभर चालतं.

शिवाय आपल्याकडे गोठा आहे. शेणामुताच्या वाफेतला अमोनिया तांब्या-पितळेचा वैरी. गोठ्याच्या टिनावर जागा मोकळी असते म्हणून छत्री तिथेच ठोकली जाते. जमलं तर ती घराच्या भिंतीवर घ्या.

खुणा ओळखायला सोप्या आहेत. थोडेच चॅनेल गेले आणि बाकीचे चांगले दिसत असतील, तर पिनेवर संशय घ्या. एलएनबीला १३ व्होल्टवर उभ्या ध्रुवणाचे (लहर उभी हलते असे) आणि १८ वर आडव्या ध्रुवणाचे चॅनेल मिळतात. गंजक्या जोडात व्होल्टेज पडलं की १८ चे पुरेसे पोचत नाहीत आणि आडवे चॅनेल जातात. मल्टिमीटर असेल तर वायरीची दोन्ही टोकं सोडवून मधली तार आणि जाळी यांच्यात ओहम मोजा. कोरड्या वायरीत मीटर हलत नाही. हलला तर आत ओल आहे. पिनेला हात लावण्याआधी बॉक्सचा प्लग काढा, कारण जाळीचा एक केस मधल्या तारेला टेकला तरी शॉर्ट होऊन बॉक्स जळू शकतो. आणि विजा कडाडत असताना टिनावर चढू नका.

हिरवी झालेली तार पॉलिश पेपरनं घासू नका. डिशच्या आरजी-६ जातीच्या वायरीची मधली तार बहुतेक वेळा पोलादी असते, वर तांब्याचा पातळ थर. तो थर गेला की पोलाद गंजतं. जुनी पिन फेका, जाळी चकचकीत लागेपर्यंत वायर मागे कापा आणि नवी पिन बसवा. पिळून बसणाऱ्या पिनेपेक्षा दाबून बसणारी पिन घ्या, पिळलेली ढिली होते. घरातल्या टोकालाही, बॉक्सच्या मागे, हिरवं दिसलं तर पाणी जाळीतून वाहत घरापर्यंत आलेलं आहे. तिथे नवी पिन लावून उपयोग नाही, वायरच बदला.

आता झाकण्याबद्दल, कारण सगळ्यात जास्त नुकसान इथंच होतं. नुसती काळी टेप चंद्रपूर-ब्रह्मपुरीच्या उन्हाळ्यात टिकत नाही. गोंद वितळतो, टेप सुटते आणि पहिल्या पावसाचं पाणी तिच्या आतच अडकतं. प्लास्टिकची पिशवी बांधली की आत वाफ धरते. एमसीलचा गोळा उन्हानं तडकतो, आणि पुढच्या वेळी पिन उघडायला छिन्नी लागते. आंबट व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन तर लावूच नका. ते सुकताना ॲसेटिक ॲसिड सोडतं आणि आतलं तांबं तुम्हीच खाऊ घालता. न्यूट्रल लिहिलेलं सिलिकॉन चालतं.

माझी पसंती सेल्फ फ्युजिंग, म्हणजे स्वतःलाच चिकटून एकजीव होणाऱ्या, रबर टेपला. इलेक्ट्रिकलच्या दुकानात मिळते, नाही मिळाली तर तालुक्याहून मागवा. पिनेच्या आट्यांवर डायइलेक्ट्रिक (वीज वाहू न देणारं) सिलिकॉन ग्रीस बोटानं चोपडा. सायकलचं ग्रीस नको, ते उन्हात वाहतं. टेप ताणून, अर्धी अर्धी चढवत, खालून वर गुंडाळा, म्हणजे कवेलूसारखा वरचा पदर खालच्यावर येतो आणि पाणी ओघळून जातं. वरून एक थर काळ्या टेपचा, उन्हापासून आडोसा म्हणून. एलएनबीसोबत रबरी टोपी आली असेल तर ती पिन बसवण्याआधीच वायरीत ओवून ठेवा. बसवणारे ती पुष्कळदा खिशात घालून निघून जातात.

शेवटचं काम वायरीच्या झोलाचं. पिनेजवळ वायर ताणून बांधू नका, खाली वाकवून एक झोल सोडा, म्हणजे थेंब झोलाच्या तळाशी गळतात. वायर घरात शिरते तिथेही तसाच झोल ठेवा, नाहीतर पाणी भिंतीतून थेट बॉक्सच्या मागे उतरतं. हे सगळं मृगाच्या आधी, सकाळच्या गारव्यात उरकून घ्या. दुपारी टिनावर पाय ठेवायची सोय नसते.