दुधाशिवाय रोजचं १००० मिलिग्रॅम कॅल्शियम

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या शिफारशीप्रमाणे प्रौढ माणसाला रोज १००० मिलिग्रॅम कॅल्शियम हवं, पाळी थांबलेल्या स्त्रीला १२००. दूध-दही पूर्ण सोडूनही हे भरून काढता येतं. फक्त घरी काढलेल्या बदामाच्या दुधावर विसंबून राहू नका. पेलाभर दुधाला दहा-बारा बदाम लागतात आणि त्यांत गाळण्याआधीच जेमतेम ३५ मिलिग्रॅम कॅल्शियम असतं. गाईच्या दुधाच्या २०० मिली पेल्यात ते २४० च्या आसपास असतं. घरचं सोयादूध प्रथिनांना उत्तम, पण कॅल्शियमला तेही कमीच.

म्हणून विकतचं घेताना पाकीट उलटून बघा. नावापुढे बहुधा 'बेव्हरेज' किंवा 'ड्रिंक' असतं. १०० मिलीमागे ११० ते १२० मिलिग्रॅम कॅल्शियम असेल तरच ते दुधाच्या जागी चालेल. घटकांच्या यादीत कॅल्शियम कार्बोनेट (आयएनएस १७०; आयएनएस म्हणजे खाद्यपदार्थात घातलेल्या घटकाचा सांकेतिक क्रमांक) किंवा ट्रायकॅल्शियम फॉस्फेट (आयएनएस ३४१) दिसायला हवं. सोयादुधातलं कार्बोनेट गाईच्या दुधातल्या कॅल्शियमइतकंच अंगी लागतं, फॉस्फेट थोडं कमी. 'ऑरगॅनिक' लिहिलेल्या पाकिटांत पुष्कळदा वरून काहीच घातलेलं नसतं, तिथे जास्त सावध राहा.

बरंच कॅल्शियम वाया जातं ते पाकीट न हलवल्यामुळे. वरून घातलेली कॅल्शियमची पूड दुधात विरघळत नाही, तळाशी बसते. रिकामं पाकीट कापून बघा: कोपऱ्यात पांढरा, खडूसारखा गाळ चिकटलेला दिसेल. पैसे मोजले ते त्याचे! दर वेळी ओतण्याआधी दहा-पंधरा वेळा जोरात हलवा. चहात सोयादूध फाटत असेल तर ते चहासोबत उकळू नका. वेगळं कोमट करा आणि चहा गाळून झाल्यावर मिसळा.

टोफू घरी करणाऱ्यांनी लिंबू किंवा व्हिनेगर बाजूला ठेवावं. त्यांनी टोफू बनतो, कॅल्शियम मात्र वाढत नाही. त्याऐवजी खाण्याच्या प्रतीचं कॅल्शियम सल्फेट (आयएनएस ५१६) आणा. बांधकामाचं प्लास्टर ऑफ पॅरिस कधीही वापरू नका. एक लिटर दाट सोयादूध ढवळत दहा मिनिटं उकळा, नाहीतर कच्चट वास राहतो. आच बंद करून ७५-८० अंशांपर्यंत निवू द्या. एक छोटा चमचा, म्हणजे साधारण ४ ग्रॅम पूड अर्धी वाटी पाण्यात कालवा. तीही लगेच तळाशी बसते, म्हणून ओतताना पुन्हा ढवळा. दोन भागांत घाला, हलक्या हाताने एकदाच फिरवा आणि १५ मिनिटं झाकून ठेवा. गाठी सुटून पाणी पिवळसर, नितळ झालं की जमलं. पाणी दुधाळच राहिलं तर पाव चमचा पूड आणखी कालवून घाला. दूध फार गरम असेल तर टोफू रवाळ होतो, पूड जास्त पडली तर खडूसारखा लागतो. विकतच्या टोफूतही ५१६ शोधा. तसा १०० ग्रॅम टोफू साधारण ३०० मिलिग्रॅम देऊ शकतो, नेमका आकडा लेबलवर बघा.

नाचणी तर आपल्या घरचीच: १०० ग्रॅम पिठात सुमारे ३६०. पण तिचं बरंचसं कॅल्शियम सालीत असतं, म्हणून फडक्यातून गाळून केलेल्या सत्त्वापेक्षा अख्ख्या पिठाची भाकरी बरी. नाचणी भिजवून, मोड आणून, वाळवून दळली तर फायटेट (कॅल्शियम धरून ठेवणारा घटक) कमी होतं आणि कॅल्शियम जास्त शोषलं जातं.

तीळ बिनपॉलिशचेच घ्या, मळकट आणि किंचित खरखरीत असलेले. शुभ्र, गुळगुळीत तिळांची साल निघालेली असते आणि बहुतेक कॅल्शियम तिच्यासोबत गेलेलं असतं. अर्थात सालीतलं सगळंच काही अंगी लागत नाही, त्यातला काही भाग ऑक्झलेट नावाच्या घटकाने धरून ठेवलेला असतो. तीळ भाजून चटणी कुटा. अख्खे गिळले तर पचत नाहीत.

पालेभाज्यांत पालक या हिशेबात धरूच नका. ऑक्झलेटमुळे त्यातलं जेमतेम ५ टक्के कॅल्शियम शोषलं जातं, दुधातलं ३० टक्क्यांच्या आसपास. अळू आणि राजगिऱ्याचा पालाही ऑक्झलेटवालेच. मेथी, मुळ्याचा पाला, मोहरीचा पाला, कोबी या भाज्या आलटून पालटून करा.

बेरीज अशी: ३०० मिली फोर्टिफाइड (वरून कॅल्शियम घातलेलं) सोयापेय ३६०, ५१६ घातलेला १०० ग्रॅम टोफू ३००, नाचणीच्या दोन भाकऱ्या (१०० ग्रॅम पीठ) ३६०. झाले १०२०. टोफू नसेल त्या दिवशी सोयापेयाचा आणखी एक पेला आणि मेथीची भाजी.

ड जीवनसत्त्व कमी असेल तर यातलं बरंच वाया जातं, म्हणून रक्ततपासणी करून घ्या. बाजारातलं बरंचसं डी३ (ड जीवनसत्त्वाचा एक प्रकार) मेंढीच्या लोकरीच्या चरबीपासून बनतं. व्हीगन असाल तर लायकेनपासूनचं (दगडफूल त्याच प्रकारातलं) डी३ किंवा डी२ मागा. कॅल्शियमची गोळी घ्यावी लागलीच तर एका वेळी ५०० मिलिग्रॅमपेक्षा जास्त नको. कार्बोनेटची असेल तर जेवणासोबत घ्या. कॅल्शियमची कुठलीही गोळी थायरॉइडच्या गोळीपासून चार तास लांब ठेवा. लोहाची गोळीही वेगळ्या वेळी. मुतखडा होऊन गेला असेल तर गोळी सुरू करण्याआधी डॉक्टरांना विचारा.