प्रशिक्षकाविषयी मत बनवण्यासाठी बास्केटबॉलचा सामना कसा पाहावा

आवडता संघ हरला की पहिला राग प्रशिक्षकावर निघतो आणि जिंकला की त्याचे नाव क्वचितच निघते. हा राग नेहमीच अनाठायी असतो असे नाही, पण जय-पराजयाचा तक्ता प्रशिक्षकाच्या कामाविषयी फारसे काही सांगत नाही, हे एनबीए या अमेरिकेतील व्यावसायिक बास्केटबॉल लीगच्या इतिहासातच दिसते. जानेवारी २०१६ मध्ये क्लीव्हलँड कॅव्हलिअर्सने प्रशिक्षक डेव्हिड ब्लॅट यांना दूर केले, तेव्हा त्या हंगामात संघाने ३० सामने जिंकले होते आणि ११ गमावले होते. त्याच वर्षी टायरॉन लू यांच्या हाताखाली हा संघ विजेता ठरला. टोरंटो रॅप्टर्सने २०१८ मध्ये ड्वेन केसी यांना निरोप दिला, तोही साखळीत ५९ विजय मिळवल्यानंतर, आणि पुढच्याच महिन्यात केसी यांना वर्षातील सर्वोत्तम प्रशिक्षकाचा पुरस्कार मिळाला. ज्यांना केवळ निकाल पाहून मत द्यायचे आहे, त्यांनी या दोन घटनांचा अर्थ लावून पाहावा.

म्हणून सर्वांत आधी एक सवय लावून घ्यावी: निर्णयाचे मूल्यमापन तो घेतला त्या क्षणी प्रशिक्षकासमोर काय होते यावरून करावे आणि चेंडू शेवटी कुठे पडला हे काही वेळ बाजूला ठेवावे. यासाठी २०१३ च्या अंतिम फेरीतील सहाव्या सामन्यासारखे दुसरे उदाहरण मला माहीत नाही. सॅन अँटोनियो स्पर्स मालिकेत ३-२ ने पुढे होते आणि अखेरच्या काही सेकंदांत मायामी हीटविरुद्ध ९५-९२ अशी आघाडी त्यांच्याकडे होती. बरोबरीसाठी मायामीला तीन गुणांची, म्हणजे लांबच्या रेषेबाहेरून मारलेली, बास्केट हवी होती, त्यामुळे स्पर्सचे प्रशिक्षक ग्रेग पोपोविच यांनी आपला सर्वांत मोठा आधार असलेल्या टिम डंकनला बाकावर बसवून तीन गुणांच्या रेषेवर चपळाईने धावू शकतील असे खेळाडू मैदानात ठेवले. मायामीच्या लेब्रॉन जेम्सचा नेम चुकला, म्हणजे बचावाने आपले काम केले. पण उसळलेला चेंडू त्याचा सहकारी ख्रिस बॉशच्या हाती लागला, त्याने तो कोपऱ्यात मागे सरकलेल्या रे ॲलनकडे दिला, आणि ५.२ सेकंद शिल्लक असताना सामना बरोबरीत आला. जादा वेळेत मायामी जिंकले आणि पुढे मालिकाही. त्या सामन्यात डंकनने १७ रिबाउंड (नेम चुकून उसळलेले चेंडू) घेतले होते, म्हणून तो मैदानात हवा होता असे म्हणणारे अजूनही आहेत, आणि त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे. मात्र तो मैदानात असता तर जेम्सला किंवा दुसऱ्या कुणाला मोकळा नेम मिळण्याचा धोका वाढला असता, हेही त्याच दमात सांगावे लागते. माझ्या मते निर्णय योग्य होता आणि निकाल वाईट आला. आपण उलट म्हणालात तरी हरकत नाही, पण दोन्ही धोके तोलून मग म्हणावे.

असे तोलायचे तर सामना पाहण्याची पद्धत बदलावी लागते. कॅमेरा चेंडूचा पाठलाग करतो, आणि प्रशिक्षकाचे काम बहुतांश चेंडूपासून दूर घडत असते. पहिल्या क्वार्टरच्या (सामन्याच्या चार भागांपैकी पहिल्याच्या) सुरुवातीची पाच-सहा मिनिटे गुणफलकाकडे न पाहता बचाव पाहण्यासाठी द्यावीत. कोण कोणाला अडवतो आहे, हे आधी टिपावे. मग पिक अँड रोलकडे लक्ष द्यावे: चेंडू असलेल्या खेळाडूसाठी त्याचा सहकारी आडोसा करतो, तेव्हा बचावातला उंच खेळाडू बास्केटजवळ मागे थांबतो, रेषेपर्यंत पुढे येतो, की दोन बचावपटू आपापली माणसे सरळ अदलाबदल करून घेतात? यातला प्रत्येक मार्ग काहीतरी सोडून काहीतरी वाचवतो. उंच खेळाडू मागे थांबला तर बास्केट सुरक्षित राहते पण मधल्या अंतरावरून मोकळा नेम मिळतो. अदलाबदल केली तर नेम मिळत नाही पण एखादा बुटका बचावपटू धिप्पाड खेळाडूसमोर अडकतो. प्रतिस्पर्धी त्या सोडलेल्या जागेतूनच वारंवार गुण घेत असेल आणि तिसऱ्या क्वार्टरपर्यंत बचावात काहीच बदल होत नसेल, तर प्रशिक्षकावरची टीका रास्त ठरू लागते.

दुसरी पाहण्याची जागा म्हणजे मैदानातल्या आणि बाकावरच्या खेळाडूंची अदलाबदल. ४८ मिनिटांच्या सामन्यात प्रमुख खेळाडूला दोनदा तरी विश्रांती द्यावी लागते, आणि बहुतेक संघांत ती दुसऱ्या व चौथ्या क्वार्टरच्या आसपास येते. त्या मिनिटांत आघाडी किती घटते किंवा वाढते, आणि बाकावरच्या पाच जणांना एकत्र खेळण्याची काही दिशा दिलेली आहे का, हे पाहिले की संघाच्या बांधणीविषयी पुष्कळ कळते. फाउलच्या बाबतीत बरेच प्रशिक्षक मला वाजवीपेक्षा सावध वाटतात. सहा फाउलनंतर खेळाडू बाद होतो, म्हणून पूर्वार्धात तीन फाउल झालेल्या उत्तम खेळाडूला ते बराच वेळ बसवून ठेवतात. पण तो पुढे कदाचित गमवावा लागेल या भीतीने आत्ताच गमावणे हा सौदा फार वेळा तोट्याचा ठरतो.

टाइमआउटनंतरची पहिली चाल कधीही चुकवू नये. साखळी सामन्यात प्रत्येक संघाला सात टाइमआउट मिळतात आणि त्यांपैकी चौथ्या क्वार्टरमध्ये जास्तीत जास्त चारच वापरता येतात, त्यामुळे ते कधी खर्च केले यालाही महत्त्व आहे. पंचांच्या निर्णयाला आव्हान देण्यासाठीही टाइमआउट हाताशी असावा लागतो. प्रशिक्षकाने फळ्यावर जे आखले ते नेम साधण्यासाठी मिळणाऱ्या चोवीस सेकंदांच्या आत मैदानावर उतरते का, नेमबाज मोकळा होतो का, पहिला मार्ग बंद झाला तर दुसरा तयार असतो का, हे सलग काही सामने पाहून टिपून ठेवावे. चेंडू बास्केटमध्ये गेला नाही तरी मोकळा नेम मिळाला असेल, तर चाल चांगली होती असेच नोंदवावे.

आकडे यानंतर पाहावेत. सरासरी गुणांपेक्षा चेंडूच्या दर शंभर ताब्यांमागे किती गुण केले व दिले, हे पाहणे अधिक प्रामाणिक आहे, कारण वेगाने खेळणारा संघ ताबेच जास्त वापरतो. सामन्यात ११० ताब्यांवर ११० गुण करणाऱ्या संघापेक्षा ९५ ताब्यांवर १०० गुण करणाऱ्या संघाचे आक्रमण सरस असते, जरी सरासरीत तो मागे दिसत असला तरी. नेमबाजीची टक्केवारी काढताना तीन गुणांच्या बास्केटला दीडपट वजन द्यावे: वीस प्रयत्नांत आठ बास्केट झाल्या आणि त्यांपैकी चार तीन गुणांच्या असतील, तर ती कामगिरी चाळीस टक्क्यांची न मानता पन्नास टक्क्यांची मानावी. खेळाडू मैदानात असताना संघ किती गुणांनी पुढे किंवा मागे गेला, हा आकडा मात्र एका सामन्यापुरता जवळजवळ निरुपयोगी आहे. तो खेळाडू कोणाबरोबर खेळला यावरच बरेचसे ठरते.

आणि नशीब नावाची गोष्ट असते, ती विसरू नये. २०१८ च्या पश्चिम विभागाच्या अंतिम फेरीतील सातव्या सामन्यात ह्यूस्टन रॉकेट्सने तीन गुणांचे ४४ प्रयत्न केले, त्यांपैकी फक्त ७ यशस्वी झाले आणि सलग २७ वाया गेले. हा प्रशिक्षक माइक डँटोनी यांच्या पद्धतीचा पराभव होता की नेमबाजांचा वाईट दिवस होता, हे ठरवायचे तर ते प्रयत्न किती मोकळे होते हे चित्रफीत लावून पाहण्याला पर्याय नाही.

समालोचन ऐकताना ते कोणासाठी केले जात आहे याचे भान ठेवावे. संघाचे स्वतःचे समालोचक हंगामभर त्याच संघाबरोबर असतात, त्यामुळे बाकावरच्या शेवटच्या खेळाडूविषयीही त्यांना नेमकी माहिती असते, पण पंचांचा प्रत्येक कौल त्यांना आपल्याविरुद्ध वाटण्याचा संभव असतो. देशभर दाखवल्या जाणाऱ्या प्रक्षेपणात हा कल कमी असतो; तिथे सगळी गोष्ट एका-दोन ताऱ्यांभोवती फिरते आणि बचावाची आखणी बाजूला पडते. शक्य असेल तेव्हा प्रतिस्पर्धी संघाचे प्रक्षेपण निवडावे, आपल्या संघाच्या उणिवा तिथे स्पष्ट शब्दांत ऐकायला मिळतात. पंचांविषयी तक्रार असेल, तर अटीतटीच्या सामन्यांच्या शेवटच्या दोन मिनिटांतील कौलांचा अहवाल लीग २०१५ पासून प्रसिद्ध करते, तो वाचावा. त्यातून निकाल बदलत नाही, पण आपली तक्रार खरी होती का हे कळते.

मत पक्के करण्याआधी प्रशिक्षकाला मालिकाभर पाहावे, कारण ८२ साखळी सामन्यांत जी डागडुजी पुढे ढकलता येते ती बाद फेरीत दोन दिवसांत करावी लागते. २०१५ च्या अंतिम फेरीत गोल्डन स्टेट वॉरिअर्स १-२ ने मागे असताना प्रशिक्षक स्टीव्ह कर यांनी चौथ्या सामन्यात उंच अँड्र्यू बोगटऐवजी आंद्रे इग्वोडालाला सुरुवातीपासून खेळवले, आणि संघाने पुढचे तिन्ही सामने जिंकले. ही कल्पना त्यांच्या सहायकांपैकी निक युरेन यांनी मांडली होती आणि कर यांनी ते उघडपणे सांगितले. सहायकाचे ऐकून घेणे हाही प्रशिक्षकाच्या कामाचाच भाग आहे. तो पडद्यावर दिसत नाही, पण हिशेबात धरायला हवा.

टीका लिहायला बसाल तेव्हा ती पूर्ण करावी. ‘याला खेळवायला नको होते’ एवढ्यावर न थांबता कोणाला खेळवायचे, त्याने समोरच्या कोणत्या खेळाडूला अडवायचे, आणि त्यामुळे आपल्या आक्रमणात कोणती उणीव येणार, या तिन्ही प्रश्नांची उत्तरे द्यावीत, आणि तीही शक्यतो चौथा क्वार्टर सुरू होण्याआधी लिहून ठेवावीत.