नव्या टर्बो गाडीला पाच हजार किलोमीटरच्या आत लॅपटॉप लावू नका

पाडव्याला भाच्याने गाडी घेतली. स्लाव्हिया, दीड लिटर टर्बो पेट्रोल, सहा गिअरची मॅन्युअल. अंबाजोगाईहून गाडी न्यायला तो संभाजीनगरला आला होता, म्हणून पूजा आमच्याच दारात झाली. नारळ फोडला, चाकाखाली लिंबू ठेवलं, बहिणीने बोनेटवर स्वस्तिक काढलं. मीटरवर १९ किलोमीटर होते. चहा घेताना त्याने मोबाईल पुढे केला. "मामा, पुण्यात एक जण स्टेज वन करून देतो. तीस-चाळीस घोडे वाढतात. पुढच्या रविवारी जाऊन येऊ का?"

स्टेज वन म्हणजे लॅपटॉप लावून इंजिनच्या संगणकातला प्रोग्राम, म्हणजे मॅप, ताकद वाढवण्यासाठी बदलायचा. मी म्हणालो, जाऊ, पण पाच हजार किलोमीटर झाल्यावर. तो म्हणाला, "कामून? गाडी तर कंपनीतून तयार होऊनच येते ना?"

मी वाळूजला २२ वर्षं होनिंगच्या मशीनवर आहे. दुचाकीच्या सिलेंडरला आतून शेवटचा हात आमच्याकडे बसतो. त्या दिवशी त्याला जे सांगितलं तेच इथे सविस्तर लिहितो. नवी टर्बो गाडी घेऊन ट्यूनिंगचा विचार करणारी बरीच लेकरं आता आपल्याकडेही आहेत.

आधी इंजिनच्या आतलं. बोअरिंग झालेला सिलेंडर गुळगुळीत दिसतो, पण तसाच वापरला तर चालत नाही. होनिंगचे दगड फिरता फिरता खाली-वर होतात, त्यामुळे भिंतीवर एकमेकींना छेदणाऱ्या तिरक्या रेघा उमटतात. ट्यूबलाइटकडे धरून आत पाहिलं की शंकरपाळे कापल्यासारखी नक्षी दिसते. रेघा डोळ्याला ठळक दिसतात, पण खोली मायक्रॉनमध्ये असते. नख फिरवलं तर जेमतेम खरखर लागते. या रेघांमध्ये तेल धरून राहतं. रेघांच्या मधली बारीक टोकं मात्र घासून सपाट व्हावी लागतात. हल्ली कारखान्यातच शेवटच्या बारीक दगडाने त्यातली बरीचशी उतरवतात, त्याला प्लॅटो होनिंग म्हणतात. म्हणून 'पहिले दोन हजार किलोमीटर चाळीसच्या पुढे नको' हा जुना नियम आजच्या गाडीला लागू नाही. पण शेवटची घासाई पिस्टनची रिंग आणि भिंत मिळूनच करतात, आणि ती गाडी तुमच्या ताब्यात आल्यावर होते.

रिंग नुसत्या स्वतःच्या ताणाने भिंतीला टेकत नाही. जळलेला गॅस रिंगच्या मागच्या खाचेत शिरतो आणि तिला बाहेर दाबतो. म्हणजे इंजिनवर भार असेल तेव्हाच रिंग नीट बसते. भारच दिला नाही तर तेल भिंतीवर भाजून काचेसारखा लेप धरतो. त्याला ग्लेझिंग म्हणतात. एकदा ते झालं की रिंग त्या लेपावरून घसरत राहते आणि तेल वर जाऊन जळतं.

याचा फटका मला स्वतःला बसलाय. जुन्या गाडीचं इंजिन बांधून घेतलं तेव्हा मिस्त्रीने सांगितलं, रात्रभर आयडलवर चालू ठेवा, म्हणजे इंजिन मोकळं होईल. मी ठेवलं. पुढचे महिने मागून निळा धूर आणि दर हजार किलोमीटरला जवळपास लिटरभर तेल. शेवटी हेड उघडलं तर बोअर आरशासारखे चमकत होते. दिवसभर मी ज्या रेघा पाडायचो त्याच माझ्या गाडीत लेपाखाली गेल्या होत्या. दुसऱ्यांदा होनिंग आणि नव्या रिंगा करून ते मिटलं. नवं इंजिन उभं ठेवून तापवू नका, हे मी तेव्हापासून प्रत्येकाला सांगतो.

आता चालवायचं कसं. फोक्सवॅगन-स्कोडाच्या पुस्तिकेचा साधारण नियम असा: पहिल्या हजार किलोमीटरपर्यंत पूर्ण अ‍ॅक्सिलरेटर नाही आणि कमाल फेऱ्यांच्या दोन तृतीयांशाच्या वर नाही, मग दीड हजारापर्यंत हळूहळू वाढवायचं. या इंजिनला मी ४००० आरपीएमची मर्यादा धरली. तुमची गाडी दुसऱ्या कंपनीची असेल तर तिची पुस्तिका वाचा आणि तिचंच ऐका.

पण मर्यादा पाळणं म्हणजे गाडी घाबरत चालवणं नव्हे. दुसऱ्या दिवशी पहाटे मी भाच्यासोबत बीडपर्यंत गेलो. पाचोडपर्यंत निवांत घेतली. पाण्याचं तापमान ९० वर लवकर येतं, पण तेल मागे असतं; त्यानंतर आणखी दहा-बारा मिनिटं तरी दमाने घ्यायची. पुढे रस्ता मोकळा होता. तिसऱ्या गिअरमध्ये २००० आरपीएमपासून अर्ध्याअधिक पॅडलने ३५०० पर्यंत चढवायची, मग पाय काढून गिअरमध्येच उतरू द्यायची. चढताना रिंग भिंतीला दाबली जाते, उतरताना सिलेंडरमध्ये ओढ तयार होऊन थोडं तेल वर येतं आणि घासाईचा कीस धुऊन निघतो. मग चौथ्यात तेच. शहागडचा गोदावरीचा पूल येईपर्यंत आठ-दहा वेळा झालं असेल. बीड सोडल्यावर मांजरसुंब्याचा घाट त्याने एकट्याने असाच, भाराखाली पण ४००० च्या आत चढवला. नव्या इंजिनला असा चढ फार चांगला.

समृद्धीवर मात्र पहिल्या हजारात जाऊ नका. तिथे कारला १२० ची मर्यादा आहे. सावंगीला चढून क्रूझ लावलं की नागपूरपर्यंत इंजिन एकाच फेऱ्यांवर, एकाच हलक्या भारावर राहतं. शिवाय या दीड लिटरच्या इंजिनात भार कमी झाला की मधले दोन सिलेंडर बंद होतात. पेट्रोल वाचवायला ती सोय चांगली, पण नव्या रिंगांना भार हवा असताना ते दोघे रिकामे फिरतात. आता गेलातच तर दर पाच-दहा मिनिटांनी गिअर आणि वेग बदलत राहा.

दुसरी चूक नेकनूर-केजच्या रस्त्यावर रोज होते. पुढे उसाची ट्रॉली असते, गाडी सहाव्या गिअरमध्ये १३००-१४०० फेऱ्यांवर घुटमळत असते, समोर जागा दिसते आणि माणूस गिअर न उतरवता अ‍ॅक्सिलरेटर दाबतो. लहान टर्बो डायरेक्ट इंजेक्शन इंजिनला याच्याइतकं वाईट दुसरं काही नाही. कमी फेऱ्यांवर जास्त दाब आला की ठिणगी पडायच्या आधीच मिश्रण पेटू शकतं. तो धक्का एवढा जबर असतो की पिस्टनवरची रिंगची खाच तुटू शकते. ट्यूनिंगने खालच्या फेऱ्यांवरचा टॉर्कही (फिरवण्याचा जोर) वाढतो, म्हणजे ही सवय पुढे जास्त महाग पडते. ओव्हरटेक करायचंय तर गिअर दोनने उतरवा. तेलही पुस्तिकेत दिलेल्या मंजुरीचंच घ्या. नवी तेलं हा प्रकार कमी करण्यासाठीच सुधारलेली आहेत.

ब्रेक आणि टायरचं थोडक्यात. पॅड पहिल्या २००-३०० किलोमीटरपर्यंत पूर्ण पकडत नाहीत, टायरला साधारण ५०० लागतात. मोकळ्या रस्त्यावर ६० वरून १० पर्यंत मध्यम दाबाने आठ-दहा वेळा उतरवा, मध्ये गार होऊ द्या. हवा सकाळी टायर थंड असताना भरा; मे महिन्यात दुपारी तापलेल्या टायरचा आकडा बघून हवा काढू नका. मॅन्युअल असेल तर क्लचही नवा आहे, चढावर अर्ध्या क्लचवर गाडी धरून ठेवू नका.

तेल दर ५०० किलोमीटरला काडीवर बघा. पुस्तिकेप्रमाणे हजार किलोमीटरला अर्धा लिटरपर्यंत खप मान्य आहे, आणि पहिल्या पाच हजारात तो थोडा जास्तही असू शकतो. म्हणजे पाच हजाराच्या आधी तुम्हाला तुमच्या इंजिनचा खरा खप कळतच नाही. मी थांबायला सांगतो त्याचं हे एक मोठं कारण.

कंपनीचं ऑइल बदल १५,००० किलोमीटर किंवा एक वर्ष असतं. आम्ही दीड हजारावर स्वतःच्या खर्चाने एक जादा बदल केला, त्याच ग्रेडचं तेल, अधिकृत ठिकाणी, बिल ठेवून. फिल्टर मी मागून घेतला, वाळूजला नेऊन कापला आणि घडीचा कागद वर्तमानपत्रावर उलगडला. टॉर्च तिरपा धरला की घड्यांमध्ये चंदेरी धूळ चमकत होती, पीठ चाळल्यावर चाळणीला चिकटून राहतं तेवढी. लोहचुंबक फिरवला, थोडी चिकटली. एवढं असणारच, ती शेवटच्या घासाईची धूळ. नखात धरता येईल असा पत्र्यासारखा तुकडा दिसला असता तर गाडी तिथेच थांबवून कंपनीकडे नेली असती.

हवेच्या फिल्टरला हात लावू नका, त्याचा डबा तर मुळीच काढू नका. आवाजासाठी उघडा कोन फिल्टर बसवणारे पुष्कळ आहेत. आपल्याकडे मळणीच्या दिवसांत रस्त्यावरून भुसा उडतो, उन्हाळ्यात काळ्या मातीचा फुफाटा. जी भिंत घासून बसवायला एवढी काळजी घेतली, तिच्यावर ती माती पॉलिश पेपरसारखी काम करते.

दीड हजार ते पाच हजार हा काळ वहीचा. गाडीच्या संगणकातले आकडे दाखवणारा साधा ओबीडी डोंगल घ्या, मोबाईलला जोडा. भाच्याला मी दोनशे पानी वही दिली आणि रकाने आखून दिले: तारीख, बाहेरचं तापमान, कोणत्या पंपाचं पेट्रोल, इंजिनमध्ये शिरणाऱ्या हवेचं तापमान, कूलंट, संगणक इंधन किती टक्के कमी-जास्त करतोय, आणि नॉकमुळे (मिश्रण आपोआप पेटून बसणाऱ्या ठोक्यामुळे) तो ठिणगी किती अंश मागे घेतोय. जागाही ठरवून दिली: मांजरसुंब्याचा घाट, तिसरा गिअर, २५०० ते ४०००. दीड हजार झाल्यावर तेवढ्या पट्ट्यात अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबायलाही हरकत नव्हती. आकडे शेजारी बसलेल्याने टिपायचे, चालवणाऱ्याने रस्त्याकडेच बघायचं. मे महिन्यात ४२ अंशांत घेतलेले आकडे आणि पाऊस पडून गेल्यावरचे आकडे शेजारी ठेवले तेव्हा त्यालाच कळलं की उन्हात गाडी आपणहून ताकद कमी करते. ट्यूनरच्या मशीनवर पुण्याच्या गार सकाळी दिसलेले घोडे परळी-अंबाजोगाईच्या दुपारी तसेच राहत नाहीत.

ही वही का, ते एका सहकाऱ्याच्या गाडीवरून सांगतो. त्याने ७०० किलोमीटरवर रीमॅप केला, म्हणजे मॅप बदलून घेतला. तीन हजाराच्या आसपास गाडी मिसफायर करू लागली. सर्व्हिसवाले म्हणाले मॅपमुळे, मॅपवाला म्हणाला इंजिनमध्ये मुळात दोष होता. मॅपच्या आधीचा एकही आकडा याच्याकडे नव्हता. कदाचित ठिणगी देणारी कॉइल मुळातच कमजोर असेल, मूळ मॅपवर वॉरंटीत फुकट बदलून मिळाली असती. सगळा खर्च त्याच्या खिशातून गेला. नव्या यंत्राचे दोष बहुधा सुरुवातीच्या वापरातच वर येतात. ते आधी मूळ मॅपवर येऊ द्या.

पाच हजार झाले, वही भरली, तेलाचा खप स्थिर झाला, की मग ट्यूनरकडे. तोपर्यंत तीन गोष्टी नीट समजून घ्या. पहिली, वॉरंटी: फोक्सवॅगन समूहाच्या यंत्रणेत बदललेला मॅप सापडला की गाडीवर 'टीडी वन' अशी खूण पडते, आणि पुढे मूळ मॅपची फाइल परत टाकली तरी ती खूण जात नाही. दुसरी, कायदा: मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातला तपशील कंपनीच्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा बदल करता येत नाही, आणि २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच स्पष्ट केलं. धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर काढून टाकणारा पाइप तर मी कुणालाही बसवू देणार नाही. तो धूर आपल्याच गल्लीतल्या लेकरांच्या नाकात जातो. विमा कंपनीला बदल लेखी कळवा, नाहीतर दाव्याच्या वेळी अडचण येते. तिसरी, गिअरबॉक्स: या इंजिनचा मूळ टॉर्क २५० न्यूटन मीटर आहे, आणि सात गिअरच्या कोरड्या क्लचच्या डीएसजी ऑटोमॅटिकची क्षमताही २५० चीच धरलेली आहे. म्हणजे तिथे वाढवायला जागा उरत नाही. तुमची डीएसजी असेल तर माझं मत सरळ आहे: टॉर्क वाढवू नका. मॅन्युअल असेल तर आधी पाचव्या गिअरमध्ये २५०० वर पूर्ण दाबून बघा. फेऱ्या वर पळाल्या आणि वेग मागे राहिला तर क्लच आत्ताच घसरतोय.

ट्यूनरला विचारायचा सगळ्यात कामाचा प्रश्न पेट्रोलचा. फाइल कोणत्या ऑक्टेनवर (नॉक न होऊ देण्याची पेट्रोलची क्षमता) लिहिलीय? शंभर ऑक्टेनवर लिहिलेली फाइल चार दिवस मजेत चालेल, पण तालुक्याच्या पंपावरचं रोजचं पेट्रोल पडलं की नॉक सुरू. आपल्याला रोज जे मिळतं त्यावरच लिहून घ्या. मूळ फाइलची प्रत पेन ड्राइव्हवर मागा. काम करायच्या आधी गाडी डायनोवर (ताकद मोजायच्या मशीनवर) मूळ मॅपवर पळवून कागद घ्या, नंतर त्याच दिवशी, त्याच मशीनवर दुसरा कागद. जो ट्यूनर आधीची फेरी करायला नको म्हणतो त्याच्याकडून परत फिरा.

भाच्याचे काल ५,१४० झाले. मागच्या हजार किलोमीटरमध्ये तेल काडीवर हललेलं नाही. दिवाळीनंतर हवा गार झाली की पुण्याला जायचं ठरलंय. वहीची डावी पानं भरली आहेत, उजवी कोरी ठेवलीत. परत आल्यावर बीडच्या बाजूने मांजरसुंब्याचा घाट, तिसरा गिअर, २५०० ते ४०००, त्याच पंपाचं पेट्रोल. ठिणगी मागे घेण्याचा आकडा डाव्या पानापेक्षा दोन अंशांनी जरी जास्त आला, तर पेन ड्राइव्हवरची मूळ फाइल परत टाकायची, हे त्याने पहिल्या पानावर स्वतःच्या अक्षरात लिहून ठेवलंय.