कोकमाचं रोप घेताना आधी कलम बघा

कोकम हे मूळचं पश्चिम घाटातलं झाड. कोकणात, गोव्यात आणि कारवारच्या बाजूला उष्ण, दमट हवेत ते आपसूक वाढतं. परसात लावायचं असेल तर बियांचं रोप मात्र शक्यतो टाळा. कोकमात नर आणि मादी झाडं वेगळी असतात आणि बियांच्या रोपांतली जवळजवळ निम्मी नर निघतात. ते कळतं सहा-सात वर्षांनी, फुलं आल्यावर. तोवर पाणी-खत घालून झालेलं असतं!

म्हणून मादी झाडाचं कलमच घ्या. दापोलीच्या कृषी विद्यापीठाची 'कोकण अमृता' ही जात चांगली. घेताना कलमाचा शेंडा नीट बघा. खालच्या रोपावर जोडलेली काडी आडव्या फांदीची असेल तर कलम जमिनीलगत पसरत राहतं. शेंडा सरळ वर जाणारा हवा. जोडाखालून फुटणारे धुमारे दिसताच काढा, नाहीतर तेच वर चढतात.

माड-पोफळीच्या सावलीत कोकम मजेत वाढतं. आसपास एकही नर झाड नसेल, तर परागासाठी एखादं नर कलम लावा.