१७०००००००० म्हणजे नेमकी कोणती तारीख?

सर्व्हरवरून किंवा ॲपमधून काढलेली फाइल एक्सेलमध्ये उघडली, की तारखेच्या रकान्यात बऱ्याचदा १७०००००००० असलं काहीतरी बसलेलं असतं. फाइल बिघडलेली नाही. १ जानेवारी १९७० ला यूटीसी म्हणजे जागतिक प्रमाणवेळेच्या घड्याळात रात्रीचे बारा वाजले, तिथपासून किती सेकंद उलटले त्याची ही मोजणी. याला युनिक्स टाइमस्टॅम्प म्हणतात.

पहिलं काम म्हणजे अंक मोजणं. हल्लीच्या तारखांसाठी दहा अंक असतील तर सेकंद, तेरा असतील तर मिलिसेकंद. सेलमध्ये दिसतंय त्यावर मात्र जाऊ नका. तेरा अंकी आकडा एक्सेल १.७ई+१२ असा आखडून दाखवतं. सेलवर क्लिक करून वरच्या फॉर्म्युला बारमध्ये मोजा. तेरा निघाले तर आधी १००० ने भागा.

आता शेजारी एक नवा रकाना घ्या. मूळ रकान्यावर काहीही गिरवू नका, पुढे ताळा करायला तोच लागतो. एक्सेल दिवस मोजतं आणि त्याचा पहिला दिवस १ जानेवारी १९००. त्या हिशेबात १ जानेवारी १९७० हा २५५६९ वा दिवस, आणि एका दिवसात ८६४०० सेकंद. म्हणून सूत्र असं (ए२ म्हणजे मूळ आकडा असलेला सेल; टाइप करताना अर्थातच रोमन अक्षरं आणि अंक):

=ए२/८६४००+२५५६९

उत्तर ४५२४४.९२५९ असं येईल. घाबरू नका, ती तारीखच आहे, फक्त कपडे घालायचे राहिलेत. कंट्रोल आणि १ दाबा, कस्टममध्ये जाऊन डीडी-एमएम-वायवायवायवाय एचएच:एमएम:एसएस लिहा. १४-११-२०२३ २२:१३:२० दिसेल. नुसत्या #### च्या रांगा दिसल्या तर रकाना रुंद करा. तरीही हटल्या नाहीत तर १००० ने भागायचं राहिलंय.

इथे बहुतेक जण थांबतात आणि फसतात. मीही फसलोय. ही वेळ यूटीसीची आहे, आपण तिच्या साडेपाच तास पुढे. म्हणजे भारतात तेव्हा १५ नोव्हेंबरची पहाट होती, ३ वाजून ४३ मिनिटं २० सेकंद. २०२३ मध्ये १४ तारखेला पाडवा होता आणि १५ ला भाऊबीज. दिवाळीच्या ऑर्डरींचा असाच एक तक्ता मी केला होता. भाऊबीजेच्या पहाटेच्या सगळ्या ऑर्डरी पाडव्याच्या खात्यात जाऊन बसल्या. एवढ्या पहाटे मागवतं कोण, असं वाटेल. पण अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर तेव्हा संध्याकाळचे सव्वापाच होत होते आणि तिकडचे भाऊ इकडच्या बहिणींसाठी भेटी पाठवत होते. एकूण बेरीज बरोबर असल्यामुळे चूक कोणाच्या लक्षातही आली नाही.

उपाय सोपा आहे. साडेपाच तास म्हणजे १९८०० सेकंद, ते भागाकाराआधी मिळवायचे:

=(ए२+१९८००)/८६४००+२५५६९

गुगल शीट्समध्येही हेच सूत्र चालतं. जुन्या मॅकवर बनलेल्या फाइलीत तारखा चार वर्षं आणि एक दिवस पुढे गेल्या, तर ती फाइल १९०४ पासून मोजतेय. तिथे २५५६९ च्या जागी २४१०७ घाला.

पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेतल्या, तक्ते हाताळणाऱ्या पांडाज्‌मध्ये टू_डेटटाइम या फंक्शनला एकक ‘एस’ म्हणजे सेकंद आहे हे सांगावंच लागतं. नाहीतर ते आकड्याला नॅनोसेकंद समजतं आणि सगळ्या नोंदी १ जानेवारी १९७० वर गोळा होतात. एसपीएसएस या संख्याशास्त्राच्या सॉफ्टवेअरची मोजणी थेट १४ ऑक्टोबर १५८२ पासून, ग्रेगोरियन कालगणना सुरू झाली त्याच्या आदल्या दिवसापासून. तिथे आकडा तसाच टाकलात तर ऑर्डर १६३६ सालची निघते, शिवराय सहा वर्षांचे असतानाची! आधी १२२१९३७९२०० मिळवा, मग तारखेचा फॉरमॅट द्या. ही चूक निदान दिसते तरी. सॅस हे तसलंच दुसरं सॉफ्टवेअर १९६० पासून मोजतं, त्यामुळे तिथे येतं २०१३ साल, आणि ते खरंही वाटू शकतं. त्यात मिळवायचे ३१५६१९२०० सेकंद.

सूत्र हजारो ओळींवर ओढण्याआधी एका सेलमध्ये एकावर नऊ शून्यं टाकून बघा. साडेपाच तासांसह ९ सप्टेंबर २००१, सकाळचे ७:१६:४० आले, तर खुशाल ओढा.