दोन मिनिटांचं काम

संध्याकाळी पावणेसहाला मी बॅग खांद्याला लावली, की आमचे एक वरिष्ठ सहकारी टेबलाशी हजर. "दोन मिनिटांचं काम आहे गं." ते साडेसातला संपायचं, आणि दुसऱ्या दिवशी साहेबांसमोर ते त्यांनीच केलेलं असायचं. सहा वर्षं चाललं हे. भीड भिकेची बहीण म्हणतात ते उगाच नाही.

तुमच्याही मानगुटीवर असं कोणी असेल, तर आधी आठवडाभर भांडू नका, नुसतं लिहा. कोण, किती वाजता, काय मागितलं, किती वेळ गेला. माझ्या वहीत पाच दिवसांत सहा तास चाळीस मिनिटं निघाली. आकडा बघून माझाच मला राग आला, तो कामी आला.

मग एक वाक्य ठरवा, आणि ते स्वतःबद्दलचं ठेवा. "ऐनवेळी काम आणू नका" म्हटलं की जुंपलीच. त्यांनी काय करावं हे आपल्या हातात कुठे असतं? "साडेपाचनंतर आलेलं काम मी उद्या सकाळी दहाला घेते." बस. कारण देऊ नका. मी पहिल्यांदा "मुलीला आणायचंय" म्हणाले, तर उत्तर तयार: "मग नवऱ्याला सांग की!" कारण दिलं की समोरचा ते सोडवायलाच बसतो.

बोलून झालं की गप्प राहा. हे फार जड जातं. मी पाण्याच्या बाटलीचं झाकण चारदा काढलं, चारदा लावलं, पण पुढे शब्द काढला नाही. नंतर तेच दोन ओळींत मेल केलं.

यानंतर त्रास वाढतो, हे आधीच माहीत असू द्या. स्किनर या मानसशास्त्रज्ञाच्या प्रयोगांतले उंदीर कळ दाबून दाणा मिळवायचे. दाणा बंद झाला तरी ते बराच वेळ कळ दाबत राहायचे. आणि आधी दाणा कधी मिळे, कधी नाही, असं असेल तर ती सवय सुटायला आणखी वेळ लागायचा. मला रात्री फोन यायला लागले. चौथ्या दिवशी मी पाघळले, काम करून दिलं. म्हणजे शिकवलं काय, तर चार दिवस नेट लावला की ही वाकते! पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

साहेबच असे असतील तर नकार देऊ नका, क्रम विचारा: "घेते. हातातल्या तिन्हींपैकी कोणतं मागे ठेवू?" शिवीगाळ किंवा अंगचटी असेल, तर मात्र वाक्यं जुळवत बसू नका, तारखांसह लेखी तक्रार करा.

आमचे ते सहकारी अजूनही कधीतरी पावणेसहाला येतात, घड्याळाकडे बघतात, म्हणतात, "उद्या दहाला?" आणि दहाला काम कधीकधी दोनच मिनिटांचं निघतं.